हार्टलपूलच्या गोदीतले मुंबईचे सागवान

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील हार्टलपूल या बंदरात ‘त्रिंकोमाली’ नावाची शिडाची युद्धनौका जतन करून ठेवलेली आहे आणि ती मुंबईच्या गोदीत बांधली गेली, एवढ्या माहितीवर मी न्यूकॅसलहून समुद्रकाठाने जाणारी रेल्वे पकडली. पोर्टस्मथची ‘व्हिक्टरी’ तिच्याहून जुनी असली तरी ती कोरड्या गोदीत उभी आहे. आजही पाण्यावर तरंगणाऱ्या ब्रिटिश युद्धनौकांत सर्वांत जुनी म्हणून त्रिंकोमालीचाच उल्लेख होतो.

नेपोलियनशी चाललेल्या युद्धांमुळे इंग्लंडमध्ये जहाजांसाठी लागणारे ओकचे लाकूड दुर्मीळ झाले, तेव्हा ब्रिटिश नौदलाने मुंबईकडे मोर्चा वळवला. येथे मलबारचे सागवान होते आणि ते कसे वापरायचे हे पिढ्यान्‌पिढ्या जाणणारे वाडिया घराणे होते. ओकमधील आम्लामुळे लोखंडी खिळे गंजतात, तर सागातील तेल लोखंडाला सांभाळून घेते. हार्टलपूलच्या धक्क्यावर आज जे दिसते त्याचे निम्मे श्रेय या एका गुणाला द्यावे लागेल. जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली काम झाले, पारशी प्रथेप्रमाणे तळाच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकला गेला आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी जहाज पाण्यात उतरले. खडकीची लढाई त्यानंतर महिन्याच्या आत, ५ नोव्हेंबरला झाली.

खरे तर हे जहाज आधीच बांधून व्हायचे होते. त्याचे नकाशे ‘जावा’ नावाच्या ब्रिटिश फ्रिगेटवरून, म्हणजे मध्यम आकाराच्या शिडाच्या युद्धनौकेवरून, मुंबईला निघाले होते. परंतु डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने जावाला हरवले आणि पुढे जाळून टाकले, त्यामुळे नकाशे पुन्हा पाठवावे लागले. त्याच जावावर मुंबईच्या नेमणुकीवर निघालेले सर थॉमस हिस्लॉपही होते आणि तेही अमेरिकनांच्या हाती सापडले. सुटका झाल्यावर ते हिंदुस्थानात आले आणि २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला होळकरांच्या फौजेसमोर इंग्रजांचे सेनापती म्हणून उभे राहिले. बोस्टनला जतन केलेली कॉन्स्टिट्यूशन पाहणाऱ्या किती मराठी माणसांच्या मनात हा धागा येत असेल, असा प्रश्न मला पडल्याशिवाय राहिला नाही.

खालच्या मजल्यावर गेल्यावर मात्र इतिहास बाजूला पडतो, कारण तेथे मान वाकवूनच चालावे लागते. तोफांच्या मजल्यावर निदान उजेड आणि वारा तरी आहे. त्याखाली खलाशी जेवत आणि झोपत, आणि ब्रिटिश नौदलात झोळी टांगण्यासाठी माणशी १४ इंच रुंदी देण्याची पद्धत होती. अर्धे लोक पहाऱ्यावर असल्यामुळे प्रत्यक्षात दुप्पट जागा मिळे, असे समर्थन दिले जाते. तरीही मागच्या बाजूच्या कप्तानाच्या खोलीत, खिडक्यांतून येणाऱ्या भरपूर उजेडात उभे राहिल्यावर ते समर्थन फारसे पटत नाही.

या जहाजाने कोणतीही मोठी सागरी लढाई लढलेली नाही. १८१९ मध्ये ते पोर्टस्मथला पोहोचले तेव्हा युद्ध संपलेले होते, म्हणून त्याची शिडे-काठ्या उतरवून ते पाव शतकाहून अधिक काळ नुसते नांगरून ठेवण्यात आले. पुढे अटलांटिक आणि पॅसिफिकमध्ये दोन मोहिमा झाल्या, मग ते प्रशिक्षण जहाज बनले. १८९७ मध्ये ब्रिटिश नौसेनापती नेल्सनचे एकेकाळी ध्वजजहाज असलेले ‘फुद्रोयां’ ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळात फुटले, तेव्हा त्याचे मालक व्हीटली कॉब यांनी त्रिंकोमाली विकत घेऊन तिला तेच नाव दिले. उसन्या नावाने ती १९८६ पर्यंत मुलांना शिकवत राहिली आणि १९९२ मध्ये तिला स्वतःचे नाव परत मिळाले. २००१ मध्ये संपलेल्या दुरुस्तीला सुमारे एक कोटी पौंड लागले. माझ्या मते ती टिकली ती पराक्रमामुळे नव्हे; प्रत्येक काळात कोणाला तरी तिचा लहानसा उपयोग होता, म्हणून टिकली.

याचा पुरावा तिच्या शेजारीच होता. पोर्टस्मथला तिच्याजवळ ‘इम्प्लॅकेबल’ अनेक वर्षे नांगरलेले होते. ते मूळचे फ्रेंच जहाज, ट्रफाल्गरच्या लढाईत लढलेले आणि त्यानंतर इंग्रजांनी पकडलेले. दुसऱ्या महायुद्धानंतर दुरुस्तीचा खर्च कोणी उचलेना, तेव्हा डिसेंबर १९४९ मध्ये दोन्ही देशांचे ध्वज फडकावून ते इंग्लिश खाडीत बुडवण्यात आले. ग्रिनिच येथे त्याचा मागचा नक्षीदार भाग आणि नाळेवरची मूर्ती तेवढी ठेवलेली आहे.

आपल्या ‘विक्रांत’चे काय झाले हे मुंबईकरांना सांगायला नको. १९७१ मध्ये तिच्यावरील विमानांनी चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले चढवले, १९९७ मध्ये ती निवृत्त झाली, काही वर्षे तरंगते संग्रहालय म्हणून लोकांनी पाहिली आणि २०१४ मध्ये न्यायालयीन लढाईनंतर भंगारात निघाली. या निर्णयाचा मला राग होता आणि अजूनही आहे. तथापि हजारो टनांचे पोलादी जहाज खाऱ्या पाण्यात उभे ठेवण्याचा खर्च तिकिटांतून निघत नाही, हेही मान्य करावे लागते. विशाखापट्टणमची ‘कुरसुरा’ पाणबुडी आणि कारवारची ‘चपळ’ ही क्षेपणास्त्रनौका टिकल्या आहेत, कारण त्या आकाराने लहान आहेत आणि किनाऱ्यावर जमिनीवर ठेवलेल्या आहेत.

आता २०२४ मध्ये निवृत्त झालेली नौदलाची ‘गुलदार’ ही नौका सिंधुदुर्गात निवतीजवळ समुद्रतळाशी बसवून पाण्याखालचे संग्रहालय करण्याची योजना आहे. पोलादी जहाजाला पर्यटनाचा उपयोग सापडतो आहे, ही गोष्ट मला स्वागतार्ह वाटते. ते पाण्याखाली जाण्यापूर्वी त्याच्या प्रत्येक खोलीचे मोजमाप आणि चित्रीकरण व्हावे, तेथे काम केलेल्या नौसैनिकांच्या आठवणी नोंदवल्या जाव्यात आणि हे सारे किनाऱ्यावर मालवणात मराठीत मांडले जावे, एवढी मात्र अपेक्षा आहे. कारण श्वसनयंत्र लावून खाली उतरणारे पर्यटक थोडे असतील आणि वर धक्क्यावर थांबणारे आजी-आजोबा पुष्कळ.