आबांचा शाळिग्राम

अंधेरी, रविवार, रात्रीचे सव्वाअकरा

मुलं झोपली. बॅग अजून दारातच पडली आहे, चेनमध्ये स्पितीची धूळ अडकलेली. ती उद्या आवरेन. हे आधी लिहून ठेवते, नाहीतर सकाळी एकदा लोकलमध्ये चढले की विरून जाईल.

कामानिमित्त दहा दिवस हिमाचलमधल्या स्पिती खोऱ्यात, काझाला होते. मुलांना सोडून एवढे दिवस पहिल्यांदाच. संध्याकाळी फोन लागला की धाकट्याचा पहिला प्रश्न, "आई, आज काय दिसलं?" पहिले दोन दिवस मी "खूप मोठे डोंगर, खूप सुंदर" एवढंच म्हणत राहिले. फोटो पाठवले, तर त्यात ते डोंगर इमारतीच्या कामावरच्या मातीच्या ढिगांसारखे दिसत होते. मोठी काहीच बोलली नाही. तिच्यापर्यंत काही पोहोचलं नव्हतं.

मग घरचंच माप काढलं. आमच्या मुलांचा डोंगर म्हणजे गिल्बर्ट हिल, दोनशे फुटांचा काळा कातळ. काझाजवळचं लांग्झा गाव साधारण 4,400 मीटरवर. म्हटलं, एका गिल्बर्ट हिलवर दुसरी, अशा सत्तर रचा, तेव्हा कुठे या गावातल्या घराचा उंबरा येतो. शिखर त्याच्याही वर. धाकट्याने वहीत सत्तर त्रिकोण काढायला घेतले. एकतिसाव्याला झोपला, असं आबांनी सांगितलं.

घरून नेलेलं चिवड्याचं पाकीट तिथे उशीसारखं टम्म फुगलं. वर हवा विरळ, बाहेरचा दाब कमी, म्हणून आतली हवा पसरते. उंची म्हणजे काय ते मुलांना त्या पाकिटाच्या फोटोवरून कळलं, डोंगरांच्या पन्नास फोटोंवरून नाही.

झाड नावाला नाही. उतार कुठे जांभळे, कुठे गंजलेल्या पत्र्याच्या रंगाचे. आपल्या सह्याद्रीत लाव्हाचे थर एकावर एक आडवे बसलेले, इथे गाळाचे थर साडी पिळावी तसे पिळवटलेले. वारा पडला की फक्त आपला श्वास ऐकू येतो. सगळा जन्म मुंबईत गेलेल्या बाईला ती शांतता आधी घाबरवते. मी घाबरले होते, आणि मुलांना तसं सांगितलंही. सांगितलं ते बरं केलं.

सहाव्या दिवशी मोठीने विचारलं, "तिथून समुद्र किती लांब?"

त्याच दुपारी लांग्झाला एका मुलाने माझ्यापुढे मूठ उघडली होती. तळहातावर काळा दगड, त्यात गोगलगायीसारखा वेटोळा, वेटोळ्यावर बारीक बरगड्या. अमोनाइट. समुद्रातला जीव, दगड झालेला. भारताचा भूभाग सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी आशियाला धडकला, आणि मधल्या टेथिस समुद्राचा तळ वर उचलला गेला. त्या तळावरच मी उभी होते. दगड विकत घेतला नाही. तो तिथलाच आहे, तिथेच राहावा. पण मन हललं होतं.

मी मोठीला म्हटलं, "समुद्र इथेच होता, बाळा. खोटं वाटत असेल तर आबांना देवघरातला शाळिग्राम दाखवायला सांग." नेपाळातल्या गंडकी नदीच्या पात्रातला शाळिग्राम म्हणजे तसाच अमोनाइट. आतलं चक्र म्हणजे त्या जीवाचं घर.

आबा सोवळ्याचे. शाळिग्रामाला घरात त्यांच्याशिवाय कुणाचा हात लागत नाही, माझाही कधी लागलेला नाही. पण त्या संध्याकाळी त्यांनी मोठीला हातपाय धुवायला लावले आणि तो तिच्या ओंजळीत ठेवला. फोनवर मला फक्त तिचा आवाज आला, "आई, गार आहे." मग बराच वेळ कुणीच काही बोललं नाही.

आज सकाळी आबांची पूजा चालली होती. ताम्हनात शाळिग्राम, वरून पळीने पाणी. धाकटा माझ्या मांडीवरून उठून त्यांच्याजवळ जाऊन बसला.

"आबा, तो समुद्रातला आहे म्हणून तुम्ही त्याला रोज पाणी घालता?"

आबांची पळी तशीच हातात राहिली. मग त्यांनी ती त्याच्या हातात दिली.