होआ लोमधली दुपार

आजची दुपार हनोईच्या होआ लो तुरुंगात गेली. फ्रेंचांनी 1896 मध्ये बांधायला घेतलेला हा तुरुंग आता संग्रहालय आहे. बरेच पर्यटक व्हिएतनाम युद्धात इथं कैद असलेल्या अमेरिकन वैमानिकांच्या खोल्या शोधत येतात. माझा पाय मात्र गिलोटिनपाशी, शिरच्छेदाच्या यंत्रापाशी अडला. उंच लाकडी चौकट, वर जड पातं, खाली मान अडकवायची गोल खाच.

तिथं मला न्गुयेन थाय होक आठवला, तिशीही न गाठलेला तरुण. 1927 च्या डिसेंबरात त्यानं साथीदारांसह फ्रेंच सत्तेविरुद्ध व्हिएतनामी राष्ट्रवादी पक्ष काढला. दक्षिणेतल्या रबराच्या मळ्यांसाठी गोरगरिबांची मजूरभरती करणाऱ्या बाझँ नावाच्या फ्रेंचाला 1929 मध्ये हनोईत गोळी घातली गेली आणि पक्षाच्या लोकांची धरपकड सुरू झाली. पक्ष पुरता मोडायच्या आत उठाव करायचा म्हणून फेब्रुवारी 1930 मध्ये येन बाय गावातल्या छावणीत फ्रेंचांच्याच फौजेतले व्हिएतनामी शिपाई बंड करून उठले. सकाळपर्यंत सगळं चिरडलं गेलं. 17 जूनला होकसह 13 जणांना येन बायमध्ये गिलोटिनवर मारलं.

दुसऱ्या दिवशी न्गुयेन थी ज्यांगनं जीव दिला. होकची वाग्दत्त वधू एवढीच तिची ओळख सांगतात, याचा मला फार राग येतो. ती स्वतः पक्षाची कार्यकर्ती होती, निरोप पोचवण्याची जोखीम तिनं अंगावर घेतली होती!

स्वातंत्र्याची पुढची सगळी लढाई कम्युनिस्ट नेते हो चि मिन्ह यांच्या नावानं ओळखली जाते, त्यात हे लोक मागे पडले. येन बायला त्यांच्या समाध्या आहेत. उद्या सकाळच्या गाडीनं तिकडे निघतोय.