तुम्ही विचारलंत म्हणून: नेम पक्का कसा होतो?

“डुकरं हरभरा ठेवत नाहीत, नेम पक्का करायला काय करू?” परभणी, हिंगोली, नांदेडकडून हा प्रश्न हमखास येतो.

आधी कायद्याचं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ससा, तितर, मोर यांची शिकार बंद आहे. पिकात घुसलेलं रानडुक्कर किंवा रोही (नीलगाय) मारायचं तरी वन विभागाची परवानगी लागते. नुकसान झालं की पंचनामा आणि भरपाईचा अर्ज, हाच सरळ रस्ता. एअरगननं, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या छर्ऱ्याच्या बंदुकीनं, डुक्कर मारू पाहणं तर निव्वळ क्रूरपणा आहे. छर्रा कातडीत रुततो, जखम चिघळते आणि जनावर झुडपात दिवसेंदिवस तडफडतं.

नेमबाजी मात्र जरूर शिका, कागदावर. नळीचा आतला व्यास ४.५ मिमी असलेली आणि २० जूलपर्यंत शक्तीची एअरगन परवान्याशिवाय घेता येते. अंतर १० मीटर. एअर रायफल स्पर्धेच्या कागदावर दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटरचा असतो, म्हणून सुरुवातीला दहाच्या मागे लागू नका. पाच छर्रे एकाच जागी पडतात का, एवढंच बघा. मध्यापासून दूर पडले तरी चालतील, पण एकत्र पडू द्या. त्यानंतरच साइट (नळीवरची नेम धरायची खूण, एक पुढं, एक मागं) फिरवा: छर्रे डावीकडे जात असतील तर मागची साइट उजवीकडे.

बहुतेकांचा नेम चुकतो तो चापावर. बोट झटक्यानं ओढलं की नळी हलते. बोटाच्या पहिल्या पेराच्या मांसल भागानं दाब हळूहळू वाढवा. छर्रा सुटणार कधी ते आधी कळता कामा नये. श्वास अर्धा सोडा, थांबा, आठ-दहा सेकंदांत सुटला नाही तर बंदूक खाली घ्या. डोळे थकले की ठिपका नाचतो आणि मग घाईनं चाप ओढला जातो. नजर पुढच्या साइटवर ठेवा, कागद धूसर दिसला पाहिजे. हे नवख्यांना पटत नाही, पण खरं आहे.

स्प्रिंगच्या बंदुकीची एक गोम आहे. छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच तिचा झटका सुरू होतो. म्हणून ती घट्ट आवळली तर छर्रे विखुरतात. पुढचा हात उघडा ठेवून तळव्यावर बंदूक नुसती टेकवा, आणि दरवेळी त्याच जागी. छर्ऱ्याशिवाय चाप ओढू नका, समोर हवेची गादी नसल्यानं पिस्टन आपटून आतली सील खराब होते.

गोठ्याच्या दगडी भिंतीवर कागद लावणं धोक्याचं, छर्रा उलटून डोळ्यात जाऊ शकतो. मातीनं भरलेलं पोतं मागं ठेवा, चष्मा लावा. मागं वाट, घर किंवा गुरं नकोत. बोट चापावर फक्त नेम धरल्यावर.

आपल्याला किती जमतं ते सर्वांत चांगल्या छर्ऱ्यावरून नव्हे, सर्वांत वाईट छर्ऱ्यावरून मोजा. १० मीटरवर छर्ऱ्यांचा घोळका २ सेंटिमीटर रुंद असेल तर ५० मीटरवर तो निदान १० सेंटिमीटर होतो, वारा वेगळाच. जिथं जनावर मारायची परवानगी असते तिथंही जबाबदार माणूस हाच हिशेब आधी करतो आणि शंका असेल तर चाप ओढत नाही.

उन्हाळ्यात भर दुपारचा सराव टाळा, घामानं हात निसटतो. छर्ऱ्यात शिसं असतं, सराव संपला की हात साबणानं धुवूनच भाकरीला लावा.