चुकीची रक्कम लिहूनही टेस्ट पास झाली

आज दुपारी सवलतीचा हिशेब करणारा कोड बरोबर चालतो का, हे आपोआप तपासणारी एक टेस्ट वाचताना शंका आली, म्हणून तिच्यातील अपेक्षित रक्कम मी मुद्दाम चुकीची लिहिली. टेस्ट तरीही पास झाली. मग मूळ कोडमधील वजाबाकीच्या जागी बेरीज केली, तेव्हाही निकाल हिरवाच राहिला. ही टेस्ट आठ महिन्यांपूर्वी मीच लिहिली होती आणि तिच्या भरवशावर प्रत्येक रिलीजला होकार दिला होता, हे आठवून मन फार अस्वस्थ झाले. टेस्ट नसती, तर तो हिशेब मी दर वेळी हाताने तपासला असता.

कारण सापडायला अर्धा तास लागला. रकमांची तुलना करणारे असर्शन, म्हणजे प्रत्यक्ष पडताळणीची ओळ, प्रॉमिसच्या (नंतर येणाऱ्या उत्तराच्या) ‘देन’मध्ये, म्हणजे उत्तर आल्यावर चालणाऱ्या भागात होते, पण ते प्रॉमिस रिटर्न करायचे राहून गेले होते, त्यामुळे टेस्टचे फंक्शन उत्तर येण्याआधीच संपत असे, टेस्ट चालवणाऱ्या जेस्ट या साधनाला कोणतीही त्रुटी दिसत नसे, आणि तुलना झालीच तर ती निकाल लागून गेल्यावर होत असे. कव्हरेजच्या अहवालात मात्र हा भाग पूर्ण तपासलेला दिसत होता, कारण कव्हरेज फक्त कोणत्या ओळी चालल्या एवढेच मोजते. आता त्या टेस्टमध्ये किती असर्शन्स व्हायलाच हवीत, हे सुरुवातीला जाहीर केले आहे.

संध्याकाळी इतर टेस्ट चाळल्या. एकीत असर्शन लूपच्या आत होते आणि यादी रिकामी येत होती, म्हणून लूप एकदाही फिरत नव्हता. दुसरीत त्रुटी पकडणारा कॅच ब्लॉक असर्शनचीच त्रुटी गिळत होता. चुकून फेल होणारी टेस्ट निदान कोणाला तरी थांबवते. या दोघींकडे पाहण्याचे कोणालाच कारण पडले नव्हते.

कोडमध्ये मुद्दाम चूक पेरून टेस्टची परीक्षा घेण्याची कल्पना रिचर्ड लिप्टन यांनी 1971 मध्ये विद्यार्थी असताना मांडली होती, आणि मी आज दुपारी नकळत तेच हाताने करत होतो. रात्री अशा चुका आपोआप पेरणारे स्ट्रायकर हे साधन सवलतीच्या मॉड्यूलवर चालवले: 41 म्यूटंटपैकी, म्हणजे चूक पेरलेल्या कोडच्या प्रतींपैकी, 17 जिवंत राहिले, म्हणजे टेस्टना सापडलेच नाहीत. त्यांतील सहा, सवलतीनंतरची रक्कम शून्याखाली जाऊ नये, या एकाच अटीवरचे आहेत. उद्या सकाळी तिथून सुरुवात करणार आहे.