टाकीचं पोट

हवा दाबून टाकीत भरणारा जुना कॉम्प्रेसर बघायला गेलेला माणूस आधी मोटर चालू करायला सांगतो. विकणाराही खुशीत बटण दाबतो, कारण आवाज दणदणीत येतो. कोकणात हा क्रम उलटा हवा. प्लग काढलेला, हवा पूर्ण सोडलेली, आणि मग ओणवं होऊन टाकीच्या पोटाखाली हात घालायचा.

आपली हवाच ओली. पावसाळ्यात ५० लिटरची रिकामी टाकी ८ बार दाबापर्यंत भरली, की निवल्यावर आत दोनेक चहाचे चमचे पाणी उरतं. एका भरणीत! ड्रेन कॉक, म्हणजे टाकीच्या तळाची पाणी सोडायची तोटी, रोज उघडला नाही तर ते साठत जातं आणि पत्रा आतून खातं. बाहेरचा निळा रंग मात्र तसाच चकचकीत. गणपतीच्या शाळेतून, म्हणजे मूर्तींच्या कारखान्यातून, आलेल्या मशीनवर तर रंगाचे शिंतोडेच इतके, की गंज दिसायलाही जागा नसते. म्हणून कॉक उघडावा. पिवळसर पाणी आलं तर पुढे बोलावं. गंजाचे पापुद्रे आले, तळाचा रंग फुगला असेल किंवा ठोकल्यावर आवाज बद्द येत असेल, तर भाव न विचारता परत फिरावं. ‘वेल्डिंग मारून देतो’ म्हणणाऱ्याला नमस्कार करावा. ठिगळाशेजारचा पातळ झालेला पत्रा दाबाखाली फुटतो.

बाकीचं बहुतेक बदलता येतं. मशीन थांबताना प्रेशर स्विचपाशी (दाब भरला की मोटर बंद करणारं बटण) क्षणभर फुस्स झालं, तर उत्तम. फुसफुस थांबतच नसेल, तर टाकीच्या तोंडाचा चेक व्हॉल्व्ह, म्हणजे हवा पंपाकडे उलटी जाऊ न देणारी झडप, गळतोय. टाकी रिकामी करून तो खोलावा, आतली चकती पुसावी, झिजली असेल तर नवी घालावी. मोटर नुसती घुमत असेल तर हवा सोडून पुन्हा लावून बघा. फिरली, तर पंपात अडकलेला दाब सुटत नाहीये. तरीही नाही फिरली, तर मोटरला सुरुवातीचा झटका देणारा कपॅसिटर तपासा. त्याआधी घरातलं व्होल्टेज. पंपातलं तेल दुधाळ असेल तर त्यात पाणी आहे. दाब जास्त झाला की हवा सोडणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हची कडी जाम असेल तर दुरुस्तीच्या भानगडीत न पडता नवाच बसवावा.

आणि सौदा चिपळूणच्या बाजारपेठेतला असेल, तर एक प्रश्न जास्तीचा: २०२१ च्या जुलैच्या पुरात हा कुठे होता? पाण्यात राहिलेल्या मोटरची बेअरिंगं आज ना उद्या बोंबलतात. तेवढे पैसे आधीच कापून घ्यावेत.