रात्रीपुरता वेग

72,000 अश्वशक्ती. असा आकडा दिसला की मी आधी त्याचे मेगावॉट करून पाहतो. सगळी नोकरी कोराडीच्या वीजकेंद्रात बॉयलर-टर्बाइनच्या संगतीत गेली, आता ही खोड काही सुटत नाही. तर 72,000 म्हणजे साधारण 54 मेगावॉट. कोराडीचे पहिले संच 120 मेगावॉटचे होते. म्हणजे त्यातला जवळजवळ अर्धा संच दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास ब्रिटिशांनी सुरुंग पेरणाऱ्या, 127 मीटर लांब आणि जेमतेम 12 मीटर रुंद जहाजात कोंबला. तेलावर चालणारे चार बॉयलर, पाण्यात फिरून जहाज ढकलणारे दोन पंखे. कोळसा नाही, राख नाही, कूलिंग टॉवरची भानगड नाही. वाफेचं पुन्हा पाणी करणाऱ्या कंडेन्सरला अख्खा समुद्र हजर! आमच्या पाळीतल्या कुणालाही हेवा वाटावा असा कारभार.

मित्र विचारतात, "भाऊ, नागपुरात बसून तुला जहाजांचं काय खूळ?" सीताबर्डीच्या टेकडीवर चढलं तरी समुद्र दिसत नाही, मान्य. पण वाफ सगळीकडे सारखीच वागते.

ही जहाजं अॅबडिएल वर्गाची. एकूण सहा: अॅबडिएल, लॅटोना, मँक्समन, वेल्शमन, अरिअॅड्नी आणि अपोलो. काम समुद्रात सुरुंग पेरण्याचं, आणि वेग आराखड्यात जवळपास 40 नॉट, म्हणजे ताशी 74 किलोमीटर. वर्धा रोडवर या वेगाला कोणी विचारणार नाही, पण पाण्यात तो फार महाग पडतो. ढोबळ हिशेब असा की वेग दुप्पट करायचा तर शक्ती आठपट लागते. त्याआधीचं त्यांचं सुरुंग पेरणारं मोठं जहाज अॅडव्हेंचर 27-28 नॉटवरच थांबलं होतं.

मग एवढा खर्च कशाला? कारण सुरुंग पेरायचे शत्रूच्या दारात, आणि तेही अंधारात. आठ तासांची रात्र धरा. चार तास जायला, चार तास यायला. 28 नॉटने 112 सागरी मैल आत शिरता येतं, 40 नॉटने 160. त्यापुढे गेलात तर परतीच्या वाटेवर उजाडतं आणि डोक्यावर विमानं येतात. लढण्यासाठी हा वेग नव्हताच. तोफा फक्त विनाशिकेच्या तोडीच्या, चिलखत नावालाही नाही.

पेरायची रीत मला फार आवडते. मुख्य डेकखाली लांबच लांब बंदिस्त सुरुंग-डेक, त्यावर रूळ. प्रत्येक सुरुंग चाकांच्या लोखंडी पेटीवर बसवलेला. साखळीने ढकलत ढकलत मागच्या दारापर्यंत आणायचा आणि ठरलेल्या अंतराने पाण्यात सोडायचा. असे दीडशेच्या आसपास. खरी गंमत पुढे आहे. पेटीखाली दोरीला एक वजन लोंबतं. सुरुंग पृष्ठभागाखाली समजा दहा फुटांवर हवा असेल, तर ही दोरी दहा फुटांची. सुरुंग वर तरंगतो, पेटी बुडत जाते आणि तिच्यातल्या रिळावरून सुरुंगाचा तारदोर सुटत राहतो. वजन तळाला टेकलं की रीळ अडकतं. पेटी मात्र अजून दहा फूट वर असते. ती उरलेले दहा फूट खाली जाते आणि सुरुंगाला तेवढंच पाण्याखाली ओढते. समुद्राची खोली कोणी मोजायची गरजच नाही. वीज नाही, इलेक्ट्रॉनिक्स नाही. ज्याने हे डोक्यातून काढलं त्याला माझा सलाम, भले वस्तू संहाराची असो.

अॅबडिएलने 21 मे 1941 च्या पहाटे ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्याजवळ, लेफ्कादा बेटाच्या दक्षिण टोकापाशी असे सुरुंग पेरले. त्याच दिवशी त्यांवर इटलीची कार्लो मिराबेल्लो ही विनाशिका, एक तोफनौका आणि दोन जर्मन मालवाहू जहाजं गेली. तोवर अॅबडिएल कधीच लांब निघून गेलेली.

पण या सहा जणींची जास्त कमाई मला हमालीत दिसते. बंदिस्त, लांब, रूळ टाकलेला डेक म्हणजे तयार गोदामच. लॅटोनाने तर आयुष्यात एकही सुरुंग पेरला नाही. लिबियातल्या तोब्रुकला माणसं आणि सामान पोचवताना 25 ऑक्टोबर 1941 ला विमानहल्ल्यात ती गेली. वेल्शमन 10 मे 1942 ला वेढलेल्या माल्टात विमानविरोधी तोफांचा दारूगोळा घेऊन पोचली, धुराच्या पडद्याआड काही तासांत रिकामी झाली आणि परत निघाली. जाताना तिने फ्रेंच विनाशिकेचं सोंग घेतलं होतं. मँक्समननेही आदल्या वर्षी असंच फ्रेंच सोंग घेऊन इटलीच्या लिव्होर्नोजवळ सुरुंग पेरले होते.

सोंगाचा विषय निघालाच आहे तर सांगतो: पहिल्या महायुद्धात जर्मनीच्या वोल्फ जहाजाने निव्वळ सोंगावर भागवलं. मूळचं मालवाहू, वेग 11 नॉटसुद्धा नाही. तरी 1917 मध्ये थेट मुंबईबाहेर सुरुंग पेरून गेलं, आणि त्यांतल्या एकावर 23 जूनला मंगोलिया हे पी अँड ओ कंपनीचं प्रवासी जहाज बुडालं. विमानं डोक्यावर यायच्या आधीचा जमाना होता, म्हणून ते जमलं.

आता वेगाच्या फुशारक्यांबद्दल. ही जहाजं 44 नॉट पळायची असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. कागद घ्या. 40 वरून 44 वर जायला शक्ती तिसऱ्या हिश्शाने वाढवावी लागेल, म्हणजे 96,000 च्या घरात. बॉयलर तेच चार. वरची 24,000 अश्वशक्ती आणायची कुठून? पूर्ण भार घेऊन मँक्समन चाचणीत 35-36 नॉट गेली, आणि माझ्या मते तीच बातमी मोठी आहे. रिकामा संच पळवून दाखवणारे आम्हीही पाहिलेत.

वेगानेही सगळ्यांना तारलं नाही. वेल्शमनला 1 फेब्रुवारी 1943 ला तोब्रुकजवळ जर्मन पाणबुडीने गाठलं. अॅबडिएल 10 सप्टेंबर 1943 ला ब्रिटिश छत्रीसैनिक घेऊन इटलीच्या तारांतो बंदरात नांगरलेली असताना सुरुंगावर गेली. ते सुरुंग जर्मन टॉर्पेडो बोटी तिथून निघता निघता टाकून गेल्या होत्या. अपोलो नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर 7 जून 1944 ला खुद्द दोस्त सैन्याचे सरसेनापती आयझेनहॉवर यांना घेऊन फिरताना वाळूत घासली आणि पंखे वाकवून बसली.

सगळ्यात जास्त टिकली मँक्समन. साठच्या दशकात तिचे काही बॉयलर काढून तिथे माणसांना राहायला जागा केली आणि तिला सुरुंग काढणाऱ्या बोटींच्या दिमतीला दिलं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ती वेल्समध्ये भंगारात निघाली.