आंबोलीचा रविवार

आषाढ लागला की आमच्या गल्लीत सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असायचा, "औंदा आंबोली कवा?" गणपतीची बैठक, वर्गणीची पावतीपुस्तकं, मूर्तीची ऑर्डर हे सगळं त्या रविवारनंतर. आधी मंडळाची सहल. पुण्याला, गोव्याला नोकरीला गेलेली पोरं दिवाळीला एखादे वेळी चुकली असतील, पण या रविवारसाठी शनिवारी रात्रीच बेळगावात दाखल व्हायची.

मंडळ फक्त बसचे पैसे द्यायचं. भाकरी घरटी दहा, हा नियम. पहाटे साडेचारपासून गल्लीभर भाकऱ्या थापल्याचा आवाज चालायचा. साडेपाचला कट्ट्यावर मोठी बुट्टी मांडलेली असायची, आत धुतलेलं पांढरं धोतर. एकेका घरातून भाकऱ्या यायच्या, वाफ अजून निघतेय अशा. कुणाची जोंधळ्याची, कुणाची तांदळाची, कुणाची नाचण्याची. आमच्या आईची भाकरी जाडसर, कडेला बोटांचे ठसे उमटलेले. शेजारच्या वहिनींची मात्र अशी पातळ की पापुद्रा अलगद सुटायचा. तिकडं जेवायला बसल्यावर आपल्या घरची भाकरी आपण घ्यायची नाही, दुसऱ्याची घ्यायची. झुणका, खर्डा, शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी तोडता तोडता ती कुणाच्या तव्यावरची हे ओळखणं. मला आजही त्यातली निम्मी घरं भाकरीवरून ओळखता येतील.

"मी येतो, पण पुढच्या सीटवर बसतो," असं म्हणत कोपऱ्यावरच्या आज्जी सगळ्यांच्या आधी बसमध्ये चढायच्या. आमच्याकडं बायकाही "मी येतो, मी बसतो" असंच बोलतात. परगावच्यांना नवल वाटतं, मला त्या बोलण्यात घर दिसतं.

हिंडलगा, सुळगा, बाची. बाची मागं पडून शिनोळी आली की चंदगड तालुका, म्हणजे महाराष्ट्र. रस्त्याकडेच्या पाट्या बदलायच्या आणि बसमध्ये "गणपती बाप्पा मोरया" व्हायचं. तो गजर ऐकताना थोरल्या माणसांचे चेहरे बघावेत. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव पलीकडं गेलं ते त्यांनी उमेदीच्या वयात सोसलेलं. एका वहिनींचं माहेर चंदगड भागातलं. दरवर्षी त्यांचा भाऊ पाटणे फाट्यावर छत्री धरून उभा असायचा, हातात भाजलेल्या काजूंची पिशवी. बस दोनच मिनिटं थांबायची. तेवढ्यात वहिनी खाली उतरून त्याच्या डोक्यावरचं पाणी पदरानं पुसून यायच्या.

गल्लीतले एक मास्तर भूगोल शिकवायचे. ते सांगायचे, "बेळगावची उंची २,५०० फुटांच्या आसपास आणि आंबोली २,२५० च्या. आपण डोंगर चढत नाही, सह्याद्रीच्या काठावर जाऊन उभे राहतो." आणि खरंच आहे ते. सत्तर किलोमीटरच्या या वाटेत म्हणण्यासारखा घाट लागत नाही, घाट आहे तो आंबोलीच्या पुढं, कोकणात उतरताना. वेंगुर्ल्याच्या बंदरातून बेळगावच्या छावणीला माल यायचा तो याच रस्त्यानं, आणि घाट चढून आल्यावरचा मुक्काम म्हणजे आंबोली. इथं वर्षाला ७०० सेंटिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कावळेसादला कठड्याशी उभं राहिलं की खाली झेपावलेलं पाणी वारा उलटं वर उडवतो, आणि दरीतून आलेला पाऊस तोंडावर बसतो. कोकण दिसायचं नाही, नुसतं पांढरं धुकं. तरी तिथून कुणाचा पाय निघायचा नाही.

पण आमच्या सहलीचा खरा मुक्काम हिरण्यकेशीला, त्या नावाच्या नदीच्या उगमाशी. गुहेच्या तोंडाशी महादेवाचं देऊळ, आतून झरा येतो आणि पुढच्या कुंडात साठतो. कुंडातले मासे आम्ही पोरं वाकून वाकून बघायचो. याच कुंडातल्या एका इवल्या माशाची २०२० साली नवी जात म्हणून नोंद झाली, त्याला नदीचंच नाव मिळालं आणि पुढच्या वर्षी ही जागा जैवविविधता वारसा स्थळ ठरली. बातमी वाचून मी गल्लीतल्या तिघांना फोन केले होते.

ही नदी आजरा, गडहिंग्लज करत आमच्या जिल्ह्यात संकेश्वरला येते, घटप्रभेला मिळते आणि पुढं गोकाकच्या धबधब्यातून कोसळते. मंडळाच्या एका काकांची थोरली बहीण संकेश्वरला दिलेली. काका दरवर्षी खिशातून एक अनंताचं फूल काढायचे, कुंडाच्या खालच्या अंगाला पाण्यात सोडायचे आणि म्हणायचे, "अक्काच्या दारावरनं जातंय ह्ये पाणी." आम्ही लहानपणी त्या फुलामागं काठाकाठानं धावायचो.

काका गेले त्याच्या पुढच्या वर्षी शनिवारी संध्याकाळी अक्का स्वतः गल्लीत आल्या. वय ऐंशीच्या पुढं. रात्री भावाच्या घरी राहिल्या आणि पहाटे उठून चुलीशी बसल्या. साडेपाचला बुट्टीत आपल्या हातच्या दहा भाकऱ्या ठेवल्या, मोजून.

हिरण्यकेशीला दोघांनी धरून त्यांना कुंडापाशी नेलं. "हितनंच सोडायचा काय रे त्यो?" त्यांनी विचारलं. मग पदराची गाठ सोडून अनंताचं फूल काढलं, पाण्यात सोडलं आणि दिसेनासं होईपर्यंत बघत राहिल्या.

"मी घरात पोचायच्या आधी ह्ये पोचतंय बघ," म्हणाल्या, आणि उठवायला हात पुढं केला.